कचेरीचा तुकडा

माझं माहेर कुठलं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कोणत्या काळातलं सांगू? विचारणारा हसतो. हसण्यासारखं त्यात काही नाही. आमचं गाव जिथं होतं तिथंच आहे. तोच ओढा, तोच मारुती, तीच बाराही महिने उडणारी धूळ. पण निजामाच्या राज्यात ते एका जहागिरीत होतं. जहागिरी खालसा झाल्या तेव्हा हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात गेलं. भाषावार प्रांत झाले तेव्हा मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडलं गेलं, मग महाराष्ट्र झाला, आणि लातूर जिल्हा निघाला तेव्हा आम्ही लातूरचे झालो. उस्मानाबादचंही आता धाराशिव झालं. माझ्या आजोबांनी जमिनीच्या कज्ज्यासाठी बिदर गाठलं, वडिलांनी उस्मानाबाद, आणि आम्ही लातूर. गाव एका जागी बसून जिल्हे बदलत राहिलं, आणि एकदाही कुणी गावाला विचारलं नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते ही सगळी वंशावळ रामायण सांगावं तसं सांगायचे, आणि सांगून झालं की म्हणायचे, राज्यं येतात नि जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. मी घेतही नाही. निजामावर माझा राग नाही, बिदरवर नाही, मुंबईवरही नाही. माझा राग माझ्या पाठच्या भावावर आहे, आणि तो का आहे हे एकदा नीट सांगून टाकायचं म्हणून हे लिहायला बसले.

जहागीरदार स्वतः हैदराबादला राहायचा. गावात त्याची कचेरी होती. एक नायब, दोनतीन कारकून, एक चपराशी आणि गज बसवलेली एक खोली, एवढाच तिचा पसारा. पण आसपासच्या खेड्यांतली माणसं सारा भरायला आणि भांडणं तोडायला आमच्या गावात यायची, त्यामुळे गावाला गुर्मी चढलेली होती. पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, कचेरी उठली, तिचे दगड लोकांनी आपापल्या घराच्या पायात घातले. आमच्या गल्लीतल्या मणेरचाचांच्या, म्हणजे बांगड्यांचं दुकान असलेल्या चाचांच्या घराचा उंबरा तिथलाच. त्यांचे आजोबा कचेरीत चपराशी होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं कचेरी गेली तरी गावातली म्हातारी माणसं शेजारच्या खेड्यांना ‘आपल्या हद्दीतली गावं’ म्हणत राहिली.

अण्णांना मात्र त्या तोऱ्याचं काही नव्हतं. त्यांना कचेरी हवी होती ती वेगळ्या कारणासाठी. ते शेतकरी, पण गावात त्यांची ओळख अर्ज लिहून देणारा माणूस अशी होती. आमचं तालुक्याचं गाव लांब. सातबारा काढायचा, उत्पन्नाचा दाखला घ्यायचा, निराधार बाईचा पगार सुरू करायचा, काहीही असलं तरी सकाळची एसटी धरायची आणि दिवस घालवायचा. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांच्यासोबत अण्णा जायचे. शेतातली कामं टाकून जायचे म्हणून आई कुरकुरायची. एकदा एका विधवा बाईला घेऊन ते तिसऱ्यांदा गेले आणि तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला गेलेले होते. ती बाई तहसीलच्या पायरीवर भाकरीचं फडकं सोडून बसली आणि अण्णांना म्हणाली, “साहेब मान्सापरीस देव बरा. देव निदान देवळात तरी ऱ्हातो.” अण्णा हे सांगताना हसायचे, आणि मग पुढचा अर्ज लिहायला घ्यायचे.

फाट्यावर डांबरी सडकेला लागून आमच्या जमिनीचा एक तुकडा होता. सगळ्या शेतातला सोन्यासारखा तुकडा. अण्णांनी त्यात कधी आंबा लावला नाही, विहीर खणली नाही, गोठा बांधला नाही. सोयाबीन काढायचं आणि हरभरा पेरायचा, एवढंच. गावाची गायरान जमीन ओढ्यापलीकडे चिखलात, तिथं कोणी सरकारी इमारत बांधणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. उद्या गावाला तालुका मिळाला तर जागेवरून अडायला नको, ही जागा आपण देऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. उभ्या पिकात जागा देता येईल, पण पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड तोडायला हात धजायचा नाही, म्हणून झाड लावायचं नाही. आमच्या घरात त्या शेताला कचेरीचा तुकडा म्हणायचे. मी आणि भाऊ त्याच तुकड्यात हरभऱ्याचे घाटे खात मोठे झालो.

माझं लग्न नायगावला झालं. नवरा नांदेडला नोकरीला, मी नायगावच्या शाळेत शिक्षिका. आणि काय योग बघा, मी सून म्हणून नांदत होते तेव्हाच नायगाव तालुका झाला. तिकडे आमच्या लातूर जिल्ह्यातलं रेणापूरही झालं. अण्णांना कळलं तसे ते नायगावला आले. मला वाटलं लेकीला भेटायला आले. चहा घेतला आणि म्हणाले, चल, तुझी तहसील दाखव. तहसीलसमोर एका टपरीवर ते दुपारभर बसून राहिले. लोक पायी येत होते, काम झालं की जेवायला घरी जात होते, एक बाई तर दळण गिरणीत ठेवून दाखला न्यायला आली होती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. परतताना एवढंच म्हणाले, की नायगावचं भाग्य मोठं. मला सासरचा अभिमान वाटायला हवा होता, पण त्या दिवशी मला माझ्या गावाचं फार वाईट वाटलं.

पुढं आई गेली, मग अण्णा गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर आम्हा दोघा बहीणभावांची नावं लागली. या नावाविषयी थोडं सांगायला हवं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, आणि त्या दिवसापासून शाळेत, बँकेत, आधार कार्डावर, रेशनवर मी त्या नावाची आहे. जुन्या नावानं हाक मारणारे एकेक करून गेले. सातबाऱ्यावर मात्र तलाठ्यानं माझं माहेरचं नाव घातलं होतं, मागे अण्णांचं नाव लावून. शेताचं उत्पन्न मी कधी मागितलं नाही, मागणारही नव्हते. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, हक्क सोडू नकोस, कायद्यानं तुझा आहे. मी म्हणायचे, मला जमीन नको, पण अण्णांच्या नावाशेजारी माझं नाव राहिलं तर कुणाचं काय जातं?

भाऊ अण्णांपेक्षा हुशार. अण्णा अर्ज लिहायचे, भाऊ निवेदनं द्यायचा. त्यानं तालुका निर्मिती कृती समिती काढली आणि स्वतः अध्यक्ष झाला. रास्ता रोको झाला, गाव बंद झालं, मंडप टाकून साखळी उपोषण झालं. मणेरचाचाही समितीत होते, या वयात उपोषणाला बसले. दर पंधरा ऑगस्ट नि सव्वीस जानेवारीच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर नव्या जिल्ह्यांच्या, नव्या तालुक्यांच्या याद्या फिरायला लागतात. एका वर्षीच्या यादीत आमच्या गावाचं नाव आलं. यादी कुणी केली हे देवाला माहीत, पण गावानं तिला सरकारी हुकूम मानलं. आमच्या गावाचाच काय तो असा उतावीळपणा. किराणा दुकानाच्या पाटीवर, पिठाच्या गिरणीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘ता.’ पुढे आमच्याच गावाचं नाव रंगवून झालं. त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या लग्नपत्रिका तशाच छापल्या. पत्रिका वाचून परगावचे पाहुणे गोंधळले, आणि एसटीचा कंडक्टर फाट्यावर ओरडायला लागला, चला, तालुक्याचे उतरा. बाशिंग बांधून नवरदेव तयार, मुलीचा पत्ता नाही.

तेव्हा मीही तितकीच वेडी झाले होते. तोवर आम्ही नांदेडला राहायला गेलो होतो, आणि तिथं घरोघरी विभागीय आयुक्तालयाचा वाद चालायचा. ते नांदेडला व्हावं की लातूरला, यावरून नवरा मला चिडवायचा, तुम्हा लातूरवाल्यांना सगळंच पाहिजे. मी म्हणायचे, तुमचं आयुक्तालय तुम्ही ठेवा, आमची तहसील तेवढी होऊ द्या. भावाचा उपोषणातला फोटो मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. अण्णांचं काम पोरगा पुढे नेतोय, असं मी अभिमानानं सांगत फिरले. आता आठवलं की माझ्यावरच दात ओठ खावेसे वाटतात.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी गावी गेले. पाट मांडला, भावाला ओवाळलं. त्यानं तबकात साडी ठेवली, या वेळची साडी नेहमीपेक्षा भारी होती. वहिनीनं पुरणपोळी केली होती, तुपाची धार थांबत नव्हती. जेवण झाल्यावर भाऊ जवळ येऊन बसला. कचेरीच्या तुकड्याची गोष्ट काढली. तालुका जाहीर झाला की सरकारला जागा बक्षीसपत्रानं द्यावी लागेल, दोन नावं असली तर दोघांच्या सह्या, दोघांचे कागद, साहेबलोक नेमकी तिथंच खोट काढतात, आणि शेजारच्या गावाला निमित्त मिळतं. तू हक्कसोड करून दिलीस की एका नावावर काम सोपं होईल. मग तो म्हणाला, “अक्का, आण्णानं ज्याच्यासाठी झाड लावलं न्हाई, त्ये आता व्हायलंय. तू आडू नको.”

आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतातच. न देणारी बहीण माहेराला मुकते, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकीला ठाऊक असतं. तसं असूनही मी दिली ती त्या भीतीनं नव्हे. मी दिली ती अण्णांसाठी. कचेरीच्या दारात बायका पायी येतील, दळण गिरणीत ठेवून दाखला नेतील, या चित्रापुढे माझ्या नावाचं काय एवढं, असं मला मनापासून वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिसं उघडली आणि आम्ही रजिस्ट्रीला गेलो. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, अंगठे घेतले. तिथल्या साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, ताई, स्वखुशीनं देताय ना, कुणाचा दबाव नाही ना? मी म्हणाले, “हाव, खुशीनं.” भाऊ शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला आणि नांदेडच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरून दिली. बस हलेपर्यंत तो खाली उभा राहिला. मला भरून आलं होतं.

महिन्याभरात बातमी आली. तालुका कुणालाच मिळाला नाही. शेजारच्या गावाला अप्पर तहसील कार्यालय मिळालं, आमच्या गावाला काहीही नाही. गावात सुतक पडल्यासारखं झालं. मी भावाला फोन केला, त्याचं सांत्वन केलं. होय, मीच त्याचं सांत्वन केलं. तो म्हणाला, राजकारण झालं अक्का. मी म्हणाले, तू तुझ्याकडून कमी केलं नाहीस. जागेचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. आमच्या हातून अण्णांची इच्छा राहिली, या दुःखात मी वर्षभर होते.

पुढचा पावसाळा सरल्यावर मी लातूरला एका प्रशिक्षणाला चालले होते, वाट वाकडी करून गावावरून गेले. फाट्यावर कचेरीच्या तुकड्यात खांब उभे होते. मला खरंच वाटलं, कचेरी आली. बस थांबायच्या आत मी उठून उभी राहिले. मग कमान दिसली, स्वयंपाकघराचे पत्रे दिसले, गाड्या लावायला सपाट केलेलं अंगण दिसलं. मंगल कार्यालय होत होतं.

घरी जायच्या आधी मी मणेरचाचांच्या दुकानात बसले. माहेरी आलं की चाचांकडून बांगड्या भरायच्या, ही लहानपणापासूनची रीत. चाचा माझा हात दाबत, बांगडी सरकवत गावाच्या गोष्टी सांगत होते. मी म्हणाले, चाचा, तालुका झाला असता तर त्या जागेवर आज तहसील उभी असती. चाचा म्हणाले, अगं, ते तर दसऱ्याच्या आधीच संपलं होतं. समितीची माणसं मुंबईला गेली होती, तिथंच त्यांना साफ सांगण्यात आलं की तुमच्या गावाचं नाव नाही, शेजारच्या गावाचं पक्कं झालंय. परत येताना गाडीत अध्यक्षांनी सगळ्यांना शपथ घातली, दिवाळी होऊ द्या, गावाचा सण खराब करू नका. चाचांना ते पटलं होतं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी बांगडी हातात तशीच धरली.

“तुला भाऊनं सांगितलं न्हाई का बेटी?”

मी नाही म्हणाले. दसरा आधी येतो, भाऊबीज नंतर, हे लहान पोरालाही कळतं, पण मला ते नीट कळायला तिथं बराच वेळ बसून राहावं लागलं. त्यानं पाटावर बसून माझ्याकडून ओवाळून घेतलं तेव्हा त्याला माहीत होतं. अण्णांचं नाव घेतलं तेव्हा माहीत होतं. रजिस्ट्रीत साहेबांनी मला विचारलं तेव्हाही माहीत होतं, आणि तो माझ्या शेजारी उभा होता. जमीन मागितली असती तर मी दिली असती, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण अण्णांच्या आयुष्यभराच्या ध्यासाचा त्यानं आमिष म्हणून उपयोग केला, आणि मी गळाला लागले. त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. उरलेल्या बांगड्याही भरल्या नाहीत.

त्याला फोनवर विचारायचं मी टाळलं. तोंडावर विचारायचं होतं. तशी वेळ त्यानंच आणून दिली. मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला वहिनी हळदकुंकू घेऊन नांदेडला आली. कार्यालयाला अण्णांचं नाव दिलंय, तुम्ही माहेरवाशीण म्हणून पहिल्या रांगेत पाहिजेत, असं म्हणाली. नवरा म्हणाला, जाऊ नको, जीव जळेल. मी गेले.

मंडप भरला होता. उपोषणाला बसलेले होते, पाट्या रंगवणारे होते, अण्णांनी ज्यांचे अर्ज लिहिले त्या म्हाताऱ्या बायका होत्या. पाहुण्यांची भाषणं झाली. मग भावानं माईक घेतला आणि सांगितलं की हे सगळं आमच्या अक्कामुळे झालं, तिनं मोठ्या मनानं आपला वाटा सोडला म्हणून आज अण्णांच्या नावानं ही वास्तू उभी आहे, अशी बहीण सगळ्यांना मिळो. टाळ्या पडल्या. मला वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, दोन शब्द बोल म्हणून माईक हातात दिला.

वर्गात शिकवून माझा आवाज चांगला मोठा आहे. मी भावाकडे वळून विचारलं, “तुला दसऱ्याच्या आधीच कळलं होतं, मंग भाऊबीजेला मला का सांगितलं न्हाईस?”

समितीतल्या माणसांनी माना खाली घातल्या, म्हणजे प्रश्न सगळ्यांना कळला होता. भावानं माझ्या हातातला माईक हलक्या हातानं काढून घेतला, त्यावर तळवा झाकला आणि मला एकटीला ऐकू जाईल असं बोलला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती, उलट माझाच अडाणीपणा बघून वाईट वाटल्यासारखा तो दिसत होता.

“अक्का, तुला इचारूनच घेतलं की मी. लोक तर इचारत बी न्हाईत.”

मग तळवा काढून तो माईकवर म्हणाला, जेवण तयार आहे, सगळ्यांनी जेवून जायचं आहे. लोक उठले. एकमेकांना पुढे घालत, लेकरांना सांभाळत पंगतीला जाऊन बसले. ज्या बाईच्या पायरीवरच्या बोलण्याची आठवण अण्णा सांगायचे तिची सूनही त्यात होती, चाचाही होते. त्यांनी तेवढं एकदा माझ्याकडे बघितलं. कुणाला दोष देऊ? भूक लागली होती, वाढपी उभे होते.

मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि फाट्यावर येऊन बसची वाट बघत उभी राहिले. भाऊ बोलला ते खोटं नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. निजामानं गावाला विचारलं नव्हतं, बिदरनं, उस्मानाबादनं, मुंबईनं, लातूरनं, कुणीच विचारलं नव्हतं, म्हणून गावाला निदान त्यांना शिव्या तरी देता येतात. मला विचारलं होतं. भारी साडी देऊन, पुरणपोळी वाढून, सख्ख्या भावानं विचारलं होतं. आणि साहेबासमोर खुशीनं देते म्हणणारी मीच होते.